चिंधीचं वजन

४ फेब्रुवारी

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे बूट चटकन होत, मग ती माझे हिसकावून घेई, कारण मी बुटांना कमी आणि स्वतःला जास्त पांढरं फासत असे. भिंतीला टेकून चार बूट ओळीने वाळत ठेवले की ती म्हणे, "बघ ठमे, उद्याच्या प्रार्थनेला हे आधीच जाऊन उभे राहिलेत." एवढंच. पुढे काही घडलं नाही, आम्ही हात धुऊन आत गेलो. पण पांढऱ्या मातीचा तो ओला वास मला अजून येतो.

आज तो आठवला, कारण अक्काने दार उघडलं तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायात बूट. "अगं, कुठे निघाली होतीस एवढ्या घाईने?" म्हटलं. ती म्हणाली, "कुठे नाही. तुझीच वाट बघत होते." तिची पहिल्यापासून हीच तऱ्हा. सरळ उत्तर देईल तर शपथ.

गुडघ्याने दगा दिल्यापासून दोन जिने उतरून तळमजल्यावर अक्काकडे जायचं म्हणजे मला मोहीम काढावी लागते. रोज फोनवर बोलणं होतं, त्यामुळे खाली जायची निकड वाटत नसे. आज गेले आणि बरंच झालं. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली मला एक मळकं फडकं दिसलं. उचलायला वाकले तर त्या फडक्याने डोळे उघडले. ती चिंधी होती, अक्काची मांजर. अजून वर्षाचीही नाही. मी पाहिली होती तेव्हा पडद्याला लोंबकळायची. आता पाठीचा कणा दोरीवरच्या गाठींसारखा वर आलाय, कानांच्या आत पांढरंफटक. वाटी कोरडी ठणठणीत, तिच्यात एक मेलेली मुंगी.

"ही काय दशा करून ठेवलीस हिची?"

"कुणाची?"

"चिंधीची! हाडं वाजतायत पोरीची."

"आत्ताच तर घातलं मी तिला. खादाड आहे मेली."

"अक्का, खोटं बोलू नकोस माझ्याशी."

माझा तोलच गेला. मुक्या जिवाचे हाल मला बघवत नाहीत. मी नको नको ते बोलले. शेवटी म्हटलं, "आधी तिला घालायचं, मग आपण. ती जेवल्याशिवाय तू घास घ्यायचा नाही. कळलं?" शाळेत सिस्टर बोलत तशी मी बोट उगारून बोलले असेन, कारण अक्का सरळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि धडा म्हणावा तसं म्हणाली, "आधी चिंधी, मग मी." हसू आलं असतं, पण मी रागात होते. मांजर बाजाराच्या पिशवीत घातली आणि वर घेऊन आले. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एक मांजर सांभाळता येऊ नये!

वर आल्याबरोबर तिला वाडगाभर दूध दिलं. सगळं प्यायली. पोर झोपली आता. मीही पडते.

५ फेब्रुवारी

मी तिला मारलीच होती.

सकाळी बघते तर अंथरुणापासून दारापर्यंत घाण, आणि ती त्यातच आडवी. मान उचलेना. टॅक्सी बोलावून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या भाचीच्या वयाच्या. बोलता बोलता काम करतात, हात थांबत नाही.

"काकू, काय दिलंत हिला?"

"दूध. उपाशी होती म्हणून पोटभर दिलं."

"तिथेच चुकलं. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला अन्न पचवायची सवय राहत नाही. एकदम घातलं की अन्नानेच जीव जातो. चमच्याने द्यायचं, चमच्याएवढंच. आणि दूध नाही."

वजन सव्वा किलो. असायला हवं होतं याच्या दुप्पट. जंत आहेत, रक्त कमी, अंगभर पिसवा. चिमटीत मानेजवळची कातडी धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, तंबूसारखी. मला बघवेना.

"होती कुणाकडे ही?"

"माझ्या थोरल्या बहिणीकडे."

"त्या बऱ्या आहेत ना?"

"तिला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुई भरायला घेतली.

७ फेब्रुवारी

उकडलेल्या कोंबडीचं पाणी, त्यात चिमूटभर औषध. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब. अर्धं माझ्या बाहीवर, अर्धं तिच्या छातीवर, जे उरतं ते पोटात.

कामाची बाई हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती. "ताई, माझ्या नवऱ्याची एवढी बडदास्त ठेवली असती तर तो दारू सोडून मलाच चिकटला असता." मी म्हटलं, "मग नाही ठेवलीस तेच बरं." दोघी हसलो. पुष्कळ दिवसांनी या घरात कुणी मोठ्याने हसलं.

बाई खालचं कामही करते. म्हणाली, अक्का सारखं विचारतात, चिंधी कुठेय. "सांगितलंस ना, माझ्याकडे आहे म्हणून?" "सांगितलं हो. काल सांगितलं, आज सांगितलं. त्या म्हणतात, बरं, आणि परत विचारतात." म्हणजे रुसवा चालू आहे. आमची अक्का शाळेतही अशीच. एकदा माझ्यावर रुसली तेव्हा तोच प्रश्न दिवसभर विचारून मला रडवलं होतं.

बाई असंही म्हणाली की तिकडे चूल पेटलेली दिसत नाही. आळस, दुसरं काय. मी रागावले असले तरी बहीण आहे. आजपासून माझ्याबरोबर तिचाही डबा करते. सूप, ब्रेड, एक अंडं, मऊ भाजी. बाई जाताना नेईल, येताना रिकामा आणेल.

८ फेब्रुवारी

डबा धुऊन पुसून परत आला. चला, बाईसाहेबांची भूक तरी जागेवर आहे.

चिंधीची मात्र नाही. तोंड फिरवते.

११ फेब्रुवारी

काल वजन आणखी घटलं. डॉक्टरीणबाईंनी पायात सुई खुपसून पाणी चढवलं. पाय केवढासा, पट्टी त्याच्याहून मोठी. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"वाचेल ना?"

"आज सांगत नाही, काकू. पुढचा आठवडा काढला तर सांगेन."

"मी अजून काय करू?"

"जवळ बसा. भांडं पुढे ठेवून निघून जाऊ नका. ही सोबतीनं खाणारी जात आहे, आजारपणात तर जास्तच. एकटीला ठेवलं की वास घेऊन सोडून देते."

म्हणून जमिनीवर सतरंजी टाकून बसले. पुन्हा उठताना टेबल, खुर्ची आणि देव या तिघांना धरावं लागलं. तिला शाळेतली गाणी म्हणून दाखवली, जी जी आठवली ती. अक्काचा आवाज वरचा असायचा, माझा खालचा. एकटीने म्हटलं की गाणं अर्धंच ऐकू येतं.

मनात विचार येतात ते लिहून टाकते. ही मेली तर मी अक्काला माफ करणार नाही. आम्हा दोघींना एकमेकींशिवाय आता फारसं कुणी उरलेलं नाही हे ठाऊक असूनही नाही. एवढं कठोर मन माझं कधी झालं?

१३ फेब्रुवारी

तिने माझं बोट चाटलं. कोंबडीच्या पाण्यात बुडवलेलं. एकदा, मग परत एकदा. जीभ अशी खरखरीत की जणू बारीक कानस.

बाईला हाक मारून दाखवलं. बाई म्हणाली, "ताई, तुमचे डोळे पुसा आधी, ती घाबरेल."

डबा रोज रिकामा येतोय. आज त्यात अक्काने चिठ्ठी वगैरे नाही, पण एक फूल ठेवून पाठवलं होतं. अंगणात आपोआप उगवतं तसलं. मी काही निरोप धाडला नाही. इतक्या लवकर विरघळायचं नाही.

१५ फेब्रुवारी

भाचीचा फोन. अक्काची मुलगी, एकुलती एक. लांब असते, नोकरीतून सुटका नाही.

"मावशी, आईचं काही खरं वाटत नाही मला. फोनवर तेच तेच विचारते."

"अगं, मी तरी काय वेगळी? काल चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला."

"तसं नव्हे गं. ती नीट जेवते का?"

"डबा चाटूनपुसून येतो. तू काळजी करू नकोस."

"तू जाऊन येतेस ना खाली?"

मी गुडघ्याचं सांगितलं. चिंधीचंही सविस्तर सांगितलं. भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात रजा मिळते का बघते." मी म्हटलं, तोवर चिंधी ओळखू येणार नाही बघ तुला.

१९ फेब्रुवारी

आज चिंधीने आपण होऊन बशीतलं खाल्लं! शेपूट अंगाभोवती गुंडाळून, डोळे मिटून, मध्येच गुरगुरत, जणू मी हिसकावून घेणार आहे. थोडंच खाल्लं, पण आपल्या तोंडाने. मी हलले नाही. पाय बधिर झाला तरी हलले नाही.

या आनंदावर विरजण पडलं ते बाईच्या बातमीने. अक्काच्या मागच्या दारी म्हणे जत्राच भरते. मांजरं, कावळे, शिंप्याच्या दुकानाखालचं ते एका कानाचं कुत्रं. "अक्कांनी अख्ख्या गल्लीसाठी खानावळीचा धंदा सुरू केलाय," बाई म्हणाली. मला असा संताप आला! घरची उपाशी मारायची आणि बाहेरच्यांवर उधळायचं. त्यांना कुठून आणून घालते कोण जाणे.

मागच्या गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं. खरंच, ती अंगणात उभी. ऊन कडक आणि हिने कोट घातलेला, ओरडून ओरडून कोणाला तरी बोलावत होती. कोट असा लोंबत होता की मला आधी वाटलं, भावोजींचा जुना घातलाय. मला पाहून तिने कपाळावर हात धरला.

"ठमे, चिंधी जेवली का गं?"

"जेवली! छान जेवली. तू तुझं बघ!"

ती वर बघतच म्हणाली, "मग मी जेवू?"

टोमणा मारायची सवय काही गेली नाही. मी उत्तर न देता आत आले.

२४ फेब्रुवारी

एक किलो आठशे! डॉक्टरीणबाईंनी काट्यावरून उतरवून तिला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता सांगते, काकू. वाचली." मी तिथेच स्टुलावर बसले.

वाटेत विचार करत होते, ही परत द्यायची का? कायद्याने म्हणाल तर अक्काची. पण माझ्या उशीशी झोपते आता. माझी पावलं ओळखते. अक्काकडे पुन्हा सोपवायचं धाडस नाही. आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही.

तरी दाखवून आणावी. बघू दे तिला, नीट घातलं की काय होतं ते. थोडा ताठा आहे यात. असू दे. लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचतंय.

१ मार्च

बाईच्या घरी आजारपण, ती येणार नाही. डबा कोण नेणार? भाचीची मैत्रीण जवळच राहते, तिला विचारलं, तिला जमेना. शेवटी वरून अक्काला फोन केला की येऊन घेऊन जा. "येते," म्हणाली. आली नाही. मग वाटलं, कालपरवाचं काहीतरी असेल घरात. मागतेय कुठे ती?

३ मार्च



बाई अजून आली नाही, म्हणून आज मीच निघाले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चिंधीची टोपली. जिना उतरायला किती वेळ लागला देव जाणे. पुढचं दार वाजवलं, उघडेना. म्हणून वळसा घालून अंगणातून गेले.

अक्का मागच्या दाराच्या उंबऱ्यात बसली होती, तोच कोट घालून. पुढ्यात चिंधीची वाटी. वाटीत ब्रेडचा वाळलेला तुकडा होता.

"अक्का, अगं इथे काय बसलीस?"

"ती आली नाही अजून. आली की मी जेवते."

"ही बघ ना आली! ही काय!" मी टोपली उघडली. चिंधी बाहेर आली, अंग ताणलं, अक्काच्या गुडघ्याला डोकं घासलं. गुबगुबीत झालीये, केस चमकतात.

अक्काने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हळूच बाजूला सारली. "ही कुणाची? माझी चिंधी बारीक आहे गं. तिला घातलं नाही म्हणून ठमी फार रागावलीये माझ्यावर." मग तिने तो तुकडा वाटीत मधोमध नीट ठेवला आणि पुन्हा हाक मारायला लागली.

शिंपी मशीन थांबवून बाहेर आले. "ताई, रोज असंच चालतं. डबा आला की सगळा इथे ओततात, हाका मारतात आणि बसून राहतात. दुसरीच मांजरं खाऊन जातात. मी म्हटलं, अक्का, तुम्हीही खा. तर म्हणतात, आधी ती. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मी तिला उठवायला खांद्याला धरलं. कोटाच्या आत काही नव्हतं. म्हणजे हाड होतं. ओठ फुटलेले. हाताची कातडी माझ्या चिमटीत आली ती तशीच उभी राहिली.

शिंप्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली.

५ मार्च

हॉस्पिटल. मोठे डॉक्टर विचारत होते, किती दिवस जेवल्या नाहीत? मी म्हटलं, रोज डबा जातो. ते म्हणाले, "डब्याचं नाही, त्यांचं विचारतोय." मग म्हणाले की विस्मरण बऱ्याच दिवसांपासून असणार, घरच्यांच्या लक्षात आलं नाही का? भाचीने फोनवर हेच विचारलं. मी दोघांनाही तेच सांगितलं, रोज बोलत होतो आम्ही.

इथेही थोडं थोडंच देतात. एकदम घातलं की धोका असतो, असं नर्स मला समजावून सांगत होती. मी मान हलवली.

दुपारी अक्काला जाग आली तेव्हा मी पेजेचा चमचा पुढे केला. अक्काने तोंड घट्ट मिटलं.

"चिंधी जेवली?"

"जेवली."

"शपथ?"

"तुझी शपथ, अक्का. पोटभर. आता तू."

दोन चमचे घेतले. तिसऱ्याला म्हणाली, "बघून ये परत." मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि परत आत आले. म्हटलं, "बघितलं. जेवली." मग तिने तिसरा घेतला.

७ मार्च

छातीत कफ भरलाय. नळी घातलीये. आता विचारतही नाही.

भाची पोचली. माझ्या गळ्यात पडली नाही. आईचा हात धरून बसली.

९ मार्च

आज सकाळी अक्का गेली. मी आणि भाची, दोघी जवळ होतो. नर्सने बाजूचा पडदा ओढून घेतला.

१२ मार्च

चिंधीला वजनाला नेलं. अडीच किलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाबास काकू! बहिणीला दाखवलीत की नाही?" मी हो म्हटलं.

त्या दिवशी खाली मी काय बोलले होते ते मला शब्द न् शब्द आठवतं. वर लिहून ठेवलंय. मागची पानं उघडत नाही.

१६ मार्च

भाचीला उद्या निघायचंय. घर महिनाअखेर रिकामं करायचं. ती म्हणाली, "मावशी, कुणाला काय द्यायचं ते तूच ठरव, मला सुचत नाही." रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर सोपं झालं असतं. इथे लिहिते, मग तिच्यासाठी वेगळ्या कागदावर उतरवून देईन.

सोन्याची साखळी आणि कानातलं भाचीचं. लग्नातला फोटोही, चौकटीसकट. काच तडकलीये, बदलून घ्यावी.

लोखंडी कपाट बाईला. तिच्या खोलीत मावणार नाही म्हणेल, तरी द्यावं, ती जागा करते. गरम कपडे, भांडी, रेडिओ तिलाच. रेडिओचं बटण उलटं फिरतं, हे सांगावं.

शिवणाचा डबा, धागे, अर्धवट विणलेलं ते निळं काहीतरी, शिंप्यांना. विणलेलं उसवू नये असं त्यांना सांगितलंय.

पुस्तकं आमच्या जुन्या शाळेला. प्रार्थनेचं पुस्तक नको, ते अक्काबरोबर गेलं.

चिंधी भाचीची. आईचं जिवंत काही हवं, असं ती परवा म्हणाली, आणि तेव्हाच मी ठरवलं. टोपली, औषधं, डॉक्टरीणबाईंचा नंबर सोबत. ती माझ्या उशीवर झोपते ही सवय तिथे मोडू नये. मी चिंधीवर रागावलेली नाही. मला तिच्याकडे बघवत नाही एवढंच, आणि त्यात तिचा काय दोष?

मला काही नको. वाटी शोधू नये, ती मी घेतली आहे.

आणि मागच्या दारी जी मांजरं येतात, ते एका कानाचं कुत्रं, कावळे, त्यांचं एकदम बंद करायचं नाही. घरात दुसरं कुणी राहायला आलं तरी अंगण सगळ्यांचं आहे. त्यांना रोजचा डबा. सूप, ब्रेड, एक अंडं, मऊ भाजी, अक्काला जायचं तेच. बाईच्या हाती पाठवायचा नाही. मी स्वतः घेऊन उतरेन.